हवामान, मूड आणि अंगाची सोय: ऋतूंशी जुळवून घेण्याची कामचलाऊ नव्हे, तर नीट पद्धत

आभाळ भरून आलं की एखाद्याचा हात कामाला लागत नाही, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस त्याच मळभात खुशीत शीळ घालत असतो. दोघंही खरं बोलत असतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी किशोरवयीन मुलं आणि त्यांच्या आया यांच्या रोजच्या मनःस्थितीच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या आणि २०११ साली निष्कर्ष मांडले. त्यांना चार तऱ्हेची माणसं दिसली: उन्हाच्या उबदार दिवसांत खुलणारी, त्याच दिवसांत वैतागणारी, पावसाने खट्टू होणारी, आणि हवा कशीही असो, फारसा फरक न पडणारी. सगळ्यांची सरासरी काढली तर उलटसुलट परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती जवळजवळ शून्य येतं. म्हणून ‘हवामानाचा मनावर परिणाम होतो का’ या प्रश्नाला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. तुमच्यापुरतं उत्तर मात्र शोधता येतं.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हवा थेट मनात शिरत नाही. ती मधल्या वाटांनी येते: डोळ्यात पडणारा उजेड, बिघडलेली झोप, घामाने चिकटलेलं अंग, रद्द झालेलं फिरणं, न झालेल्या भेटी. पाऊस थांबवणं आपल्या हातात नाही, पण यातली प्रत्येक वाट थोडीफार वळवता येते. तुमच्याकडे हवा कोणत्या वाटेने येते, हे आधी कळायला हवं.

पहिली पायरी: महिनाभराची नोंद

वही घ्या किंवा फोनमध्ये तक्ता करा. रोज ठरावीक वेळी, शक्यतो संध्याकाळी, मनःस्थितीला १ ते १० मध्ये आकडा द्या. मग काल रात्री किती झोप झाली, आज उघड्यावर किती वेळ गेला, अंगाला काही हालचाल झाली का आणि कोणाला भेटलात, हे लिहा. हवामान सगळ्यात शेवटी.

हा क्रम मुद्दाम आहे. ‘आज काय ढगाळ होतं!’ असं आधी लिहिलं की मूडचा आकडा त्या नोंदीने हलतो. नॉर्बर्ट श्वार्झ आणि जेराल्ड क्लोअर या मानसशास्त्रज्ञांचा १९८३ चा एक प्रसिद्ध प्रयोग इथे आठवतो. त्यांनी उन्हाच्या आणि पावसाच्या दिवशी लोकांना फोन करून आयुष्याबद्दल किती समाधानी आहात, असं विचारलं. पावसाच्या दिवशी उत्तरं उदास आली. पण आधी सहज हवेची चौकशी केली, तर हा फरक पुसला गेला. मन ‘हा पावसाचा परिणाम’ असं म्हणून तो हिशेबातून वगळत होतं. पुढे २०१३ मध्ये अमेरिकेतल्या दहा लाखांहून अधिक लोकांच्या उत्तरांची तपासणी झाली. त्यात आयुष्याबद्दलचं समाधान आणि त्या दिवशीची हवा यांचा भरवशाचा संबंध दिसला नाही. त्यामुळे जुन्या प्रयोगाला फार डोक्यावर घेऊ नका. तरी त्यातली युक्ती फुकटची आहे. उकाड्याच्या दुपारी सगळं निरर्थक वाटू लागलं, तर ‘आज उकडतंय आणि रात्री झोप झाली नव्हती’ एवढं मोठ्याने म्हणा. राजीनाम्याची ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवली तरी चालते.

हवामान लिहिताना नुसतं तापमान पुरत नाही, आणि सापेक्ष आर्द्रतेची टक्केवारी तर हमखास फसवते. १८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असलेली सकाळ आल्हाददायक वाटते. ३६ अंश आणि ५० टक्क्यांची दुपार मात्र जीव नकोसा करते. टक्केवारी कमी असूनही दुपारच्या हवेत पाण्याची वाफ कितीतरी जास्त असते. त्याऐवजी हवामानाच्या अॅपमधला दवबिंदू पाहा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होऊ लागतं ते तापमान. वरच्या उदाहरणात तो सकाळी सुमारे १६ आणि दुपारी सुमारे २४ अंश येतो. साधारण १५–१६ पर्यंत हवा मोकळी वाटते, २० च्या पुढे अंग चिकचिकू लागतं आणि २४ च्या आसपास बहुतेकांची चिडचिड सुरू होते. दमट प्रदेशात वाढलेल्यांसाठी या रेषा थोड्या वर सरकतात.

महिना झाला की नोंदी वाचा, पण ‘ढगाळ दिवस विरुद्ध उन्हाचे दिवस’ अशी तुलना करून थांबू नका. ढगाळ दिवसांचेच दोन गट करा: बाहेर पडलात ते आणि घरात बसलात ते. पहिल्या गटाचे आकडे चांगले असतील, तर तुमची अडचण ढगांची नसून घरात बसण्याची आहे. उकाड्याच्या दिवसांचेही असेच दोन गट करा, झोप झालेले आणि न झालेले. मला विचाराल तर या दोन तुलनांतच सगळ्या वहीचा जीव आहे. बाकीच्या रकान्यांचे आलेख काढत बसणं हा छंद म्हणून ठीक.

उजेड: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

उजेड लक्स या एककात मोजतात. घरातल्या दिव्यांचा उजेड साधारण १०० ते ५०० लक्स असतो. ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतात आणि लख्ख उन्हात आकडा एक लाखापर्यंत जातो. डोळे इतक्या सहज जुळवून घेतात की आपल्याला हा शेकडोपटींचा फरक जाणवतच नाही. पण दृष्टिपटलात, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्यात, काही पेशी अशा आहेत, ज्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून ‘किती उजेड आहे’ हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं हे आहे. त्या निळसर प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. या घड्याळावर झोपेची वेळ, मेलाटोनिन या झोपेशी निगडित संप्रेरकाचा स्राव आणि शरीराच्या तापमानाची चढउतार चालते. दिवसभर ३०० लक्समध्ये बसलेल्या माणसाच्या घड्याळाला दिवस आणि संध्याकाळ यांतला फरक नीट कळत नाही.

काय करायचं, ते सोपं आहे. उठल्यानंतर तासाभराच्या आत अर्धा तास उघड्यावर जा. ढगाळ असेल तर थोडा जास्त वेळ द्या. सूर्याकडे बघायचं नाही, नुसतं बाहेर असणं पुरतं. ते शक्य नसेल तर बसायची जागा खिडकीला अगदी लागून घ्या. खिडकीपासून दोन-तीन मीटर आत सरकलं की उजेड झपाट्याने घटतो, त्यामुळे ‘खोलीला मोठी खिडकी आहे’ याला काही अर्थ नाही; तुमची खुर्ची कुठे आहे, याला आहे. काचेतून आलेला उजेड या कामाला चालतो. ड जीवनसत्त्वासाठी मात्र चालत नाही, कारण त्याला लागणारे अतिनील ब किरण साधी काच अडवते.

संध्याकाळी उलट वागायचं. झोपण्याआधीचे दोन तास छतावरचे प्रखर दिवे बंद ठेवून खालच्या उंचीवरचा मंद, पिवळसर दिवा लावायचा. पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात दिवसाचा उजेड कमी पडतो, तेव्हा रात्रीचा झगमगाट अधिकच गोंधळ घालतो.

दिवस फारच लहान असतील तर उजेडाची पेटी, म्हणजे समोर ठेवून बसायचा प्रखर दिवा, मिळते. घेताना तीन गोष्टी बघा. १०,००० लक्स हा आकडा किती अंतरावरचा आहे? १५ सेंटिमीटरवरचा असेल, तर नाक दिव्याला टेकवून बसावं लागेल. अतिनील किरण गाळण्याची सोय आहे का? आणि पृष्ठभाग पुरेसा मोठा आहे का? सकाळी २० ते ३० मिनिटं, पेटी थोडी बाजूला ठेवून, तिच्याकडे थेट न बघता वापरायची. दृष्टिपटलाचा आजार असलेल्यांनी, प्रकाशाला संवेदनशीलता वाढवणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि द्विध्रुवीय (बायपोलर) विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती लावू नये. द्विध्रुवीय विकारात तिने मन उन्मादाकडे झुकू शकतं.

नुसतं मळभ नाही, हे कधी ओळखावं

१९८४ मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेनथाल आणि सहकाऱ्यांनी ऋतूबरोबर येणाऱ्या आणि ऋतूबरोबर जाणाऱ्या नैराश्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. विषुववृत्तावर वर्षभर दिवस सुमारे १२ तासांचा असतो. ६० अंश अक्षांशावर तो हिवाळ्यात सहा तासांच्या आसपास येतो आणि उन्हाळ्यात १८ च्या पुढे जातो. अशा ठिकाणी हिवाळी नैराश्य जास्त दिसतं. त्याची खूण जरा वेगळी आहे: झोप वाढते, गोड आणि पिठूळ खाण्याची ओढ लागते, वजन चढतं, हातपाय शिशाचे झाल्यासारखे जड वाटतात. उन्हाळ्यात येणारंही नैराश्य असतं, फक्त ते कमी आढळतं आणि त्याचं रूप उलटं असतं. त्यात झोप उडते, भूक मरते, अस्वस्थता आणि चिडचिड वाढते. ‘ऊन आहे, मग उदास कसा’ असं म्हणून घरचे ते उडवून लावतात.

निदान करताना डॉक्टर साधारण सलग दोन वर्षं त्याच ऋतूत तेच घडलं का, हे बघतात. पण मदत मागायला दोन वर्षं थांबायचं नाही. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कामावर किंवा नात्यांवर परिणाम होऊ लागला, तर जा. जीव नकोसा वाटण्याचे विचार आले तर त्याच दिवशी जा किंवा जवळच्या कोणाला सांगून तातडीची मदत घ्या. उपचार आहेत आणि ते लागू पडतात. व्हरमाँट विद्यापीठात केली रोहन यांच्या गटाने उजेडाचा उपचार आणि हिवाळी नैराश्यासाठी बेतलेली विचार-वर्तन चिकित्सा (विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा संवादाचा उपचार, सीबीटी) यांची तुलना केली. त्या हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच आला. दोन हिवाळ्यांनंतर मात्र चिकित्सा घेतलेल्यांमध्ये नैराश्य परतण्याचं प्रमाण कमी होतं.

उकाडा

अंगाला बरं वाटणं हे सहा गोष्टींवर ठरतं, असं डेन्मार्कचे ओले फँगर यांनी १९७० च्या सुमारास मांडलं आणि इमारतींचे मानक आजही त्यावर बेततात: हवेचं तापमान, आजूबाजूच्या पृष्ठभागांची धग, वाऱ्याचा वेग, आर्द्रता, अंगावरचे कपडे आणि शरीराची हालचाल. आपण मात्र एसीच्या रिमोटवरून पहिल्या गोष्टीशीच झगडत बसतो.

धगीपासून सुरुवात करा. तापलेली भिंत किंवा छत अंगाकडे उष्णता फेकत असतं, त्यामुळे २७ अंशांच्या हवेतही घाम फुटतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवा. आतल्या पडद्यापर्यंत ते पोचलं, तर उष्णता खोलीत आलेलीच असते. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की समोरासमोरच्या खिडक्या उघडा, आणि सकाळी बाहेर तापायला लागलं की बंद करा. बरेच जण याच्या अगदी उलट करतात: दुपारी ‘हवा येऊ दे’ म्हणून खिडक्या सताड उघड्या, रात्री बंद.

मग वारा. अंगावरून जाणवेल इतका वाऱ्याचा झोत असला, तर तापमान दोन-तीन अंशांनी उतरल्यासारखं वाटतं. त्वचेचं तापमान साधारण ३३ ते ३५ अंश असतं. हवा त्याहून तापली की पंखा गरम हवाच अंगावर मारतो, तरी घाम वाळवून थोडं काम करतो. ४० अंशांच्या पुढे त्याच्या भरवशावर राहू नये. अशा वेळी हात कोपरापर्यंत गार पाण्यात बुडवा, मानेवर ओलं फडकं ठेवा, त्वचा ओली करून मग वारा घ्या. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. नुसता ठिबकलेला घाम काहीच नेत नाही, म्हणून तर दमट हवेत एवढी तगमग होते.

अॅपमधलं ‘जाणवणारं तापमान’ बहुधा सावलीसाठी मोजलेलं असतं. थेट उन्हात ते आठेक अंशांनी वर जाऊ शकतं, हे धरूनच बाहेरची कामं ठरवा.

शरीर उकाड्याला एक ते दोन आठवड्यांत सरावतं. घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. ऋतू बदलताना पहिल्या तापलेल्या आठवड्यात म्हणूनच सगळ्यात जास्त त्रास होतो. त्या आठवड्यात व्यायाम निम्म्यावर आणा आणि हळूहळू वाढवा. दिवसरात्र एसीत राहिलात तर हा सराव होतच नाही.

औषधं चालू असणाऱ्यांसाठी एक गोष्ट ठळकपणे. मनोविकारांवरची काही औषधं, आणि घाम कमी करणारी इतरही काही, उकाडा सोसण्याची ताकद घटवतात. लिथियम (द्विध्रुवीय विकारावरचं औषध) घेणाऱ्यांच्या अंगातलं पाणी कमी झालं तर रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. औषध स्वतःहून बंद करायचं नाही. उन्हाळा लागण्याआधी डॉक्टरांना विचारून ठेवायचं. आणि कोणी उन्हात बरळू लागलं, गोंधळलं, बेशुद्धीकडे झुकलं, तर ती चिडचिड नव्हे, उष्माघात असू शकतो. अंग लगेच पाण्याने गार करत करत रुग्णालय गाठायचं.

दमटपणा आणि पावसाची झड

घरात आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत असावी. हे मोजणारं छोटं यंत्र स्वस्त असतं आणि बरेच वाद मिटवतं. सतत ६० च्या वर राहिली तर बुरशी आणि धुळीतले सूक्ष्म किडे वाढतात, नाक चोंदतं, झोप मोडते आणि सकाळी त्या मरगळीला आपण ‘पावसाळी मूड’ म्हणतो. ओले कपडे झोपायच्या खोलीत वाळत घालू नका. आंघोळ आणि स्वयंपाकाची वाफ लगेच बाहेर काढा. पाऊस थांबताच दहा मिनिटं खिडक्या उघडा. कपाटं भिंतीपासून चार बोटं लांब सरकवा.

‘पावसाळी हवेत गुडघे बोलतात’ हे अगदीच मनाचे खेळ नाहीत. ब्रिटनमध्ये २,६५८ जणांनी फोनवर रोजच्या वेदना नोंदवल्या आणि २०१९ मध्ये निकाल आले. जास्त आर्द्रता, कमी वायुदाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं किंचित जास्त होतं. किंचितच, हे लक्षात असू द्या. दुखेल म्हणून हालचाल बंद केली तर सांधे अजून आखडतात.

झडीचे दिवस मनाला जड जातात ते बहुतेक वेळा ठरलेलं रद्द झाल्यामुळे. आठवड्यात बाहेर करायच्या म्हणून जेवढ्या गोष्टी आहेत, त्या प्रत्येकीसमोर घरातली जोडगोष्ट कोरड्या दिवशीच लिहून ठेवा: चालण्याऐवजी जिने, भेटीऐवजी ठरलेल्या वेळी फोन. ऐन पावसात खिडकीशी बसून ‘आता काय करू’ याचं उत्तर सुचत नाही.

थंडी

याबद्दल थोडक्यात. एक जाड कपडा घालण्यापेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आणि घाम आला की वरचा थर आधीच काढावा. ओला थर फार गारठवतो. अंगातली बहुतांश उष्णता डोक्यातून जाते, ही समजूत खोटी आहे. उघड्या डोक्यातून साधारण त्याच्या आकाराएवढीच जाते. हातपाय गार पडत असतील तर नुसते मोजे घालून भागत नाही, धडही उबदार लागतं. कारण धड गारठलं की शरीर हातापायांचा रक्तपुरवठा आवरतं घेतं. हीटरने खोलीतली हवा कोरडी होऊन आर्द्रता ३० टक्क्यांखाली गेली तर डोळे चुरचुरतात, घसा सुकतो. तेव्हा हीटर थोडा कमी करा.

झोप: सगळ्या ऋतूंचा नाका

झोप लागण्यासाठी शरीराचं आतलं तापमान उतरावं लागतं. रात्रभरात ते साधारण एक अंशाने खाली जातं. झोपण्याच्या एक-दोन तास आधी १० मिनिटं कोमट ते गरम पाण्याने, ४० अंशांच्या आसपास, आंघोळ केली तर त्वचेकडे रक्त येतं, उष्णता बाहेर पडते आणि झोप लवकर लागते. हे उन्हाळ्यातही चालतं, ऐकायला उलटं वाटलं तरी. अगदी थंडगार पाण्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या आवळतात आणि अर्ध्या तासाने पुन्हा उकडू लागतं. थंडीत पाय उबदार ठेवले तर झोप लवकर येते, त्यामागेही हेच कारण आहे. दोघांनी एकाच पांघरुणाचा हट्ट सोडला तर निम्मी भांडणं मिटतील.

एकाच खोलीत चार माणसं

फँगर यांच्या हिशेबातही, परिस्थिती कितीही आदर्श केली तरी किमान पाच टक्के लोक नाखूश राहतातच. तेव्हा सर्वांना पटेल असा एकच आकडा शोधू नका. खोली मधल्या तापमानावर ठेवा आणि फरक माणसागणिक करा: ज्याला उकडतं त्याला टेबलपंखा, ज्याला गारठा लागतो त्याला शाल आणि खिडकीपासून दूरची खुर्ची. पूर्ण खोली गार करण्यापेक्षा यात वीजही कमी जाते.

वयस्कर माणसांच्या बाबतीत मात्र त्यांच्या ‘मला काही होत नाही’ या शब्दावर थांबू नका. वाढत्या वयात तहान आणि तापमान दोन्हींची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. त्यांच्या खोलीत भिंतीवर तापमापक लावा, उन्हाळ्यात दुपारी आणि थंडीत पहाटे तो स्वतः पाहा. पाणी ‘हवं का’ असं विचारू नका, पेला हातात द्या. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे डॉक्टरांनी पाण्याचं प्रमाण ठरवून दिलं असेल, तर उन्हाळ्यासाठी ते बदलायचं का, हे त्यांनाच विचारा.